चिनी गुलाब फुलत नाही, लांबडा होतो, कुजतो: कोकणातल्या अंगणात आधी काय तपासायचं

नर्सरीतून चिनी गुलाब (पोर्टुलाका) आणताना कुंडी रंगांनी भरलेली असते. महिनाभरात खालच्यापैकी काहीतरी सुरू होतं आणि मग मला फोटो येतात:

- कळ्या भरपूर, पण उमलत नाहीत. तशाच सुकून टोकाला चिकटून राहतात.
- फांद्या लांबट, दोन पानांतलं अंतर वाढलेलं, सगळं झाड एकाच बाजूला झुकलेलं.
- पानं टुमटुमीत हिरवी, वाढ जोरात, फूल एकही नाही.
- पानं लुळी पडून सुरकुतलेली, बुडाशी देठ काळपट, दाबला की पाणी सुटतं.
- कुंडीच्या मधोमध टक्कल आणि कडेला लोंबणाऱ्या फांद्यांच्या टोकाला चार फुलं.
- देठाच्या बेचक्यात पांढरे पिठूळ पुंजके, चिकटपणा, आणि मुंग्यांची ये-जा.

पहिल्या दोन तक्रारी बहुतेक दिवाळीनंतर येतात, कुजण्याची आगोटीनंतर, म्हणजे पाऊस लागल्यावर, आणि ‘पानं छान आहेत हो, पण फूलच नाही’ ही बाराही महिने.

तपासण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. समुद्राकाठच्या आमच्या पट्ट्यात हे झाड तहानेने फारसं मरत नाही. ते मरतं साचलेल्या पाण्याने, आणि मरत नसेल तेव्हा रुसतं सावलीमुळे. मूळचं ते दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना या बाजूचं. आपल्या घोळीच्या भाजीचं सख्खं भावंड. उथळ, रेताड जमिनीवर पसरायचं, मिळेल ते पाणी पानात आणि देठात साठवायचं, असा त्याचा स्वभाव. उन्हात अन्न तयार करण्याची त्याची रीत ऊस-मक्याच्या जातीची आहे, म्हणजे भरपूर उजेड असेल तरच कामाला येणारी. त्यात पाणी तुटलं तर रात्री हवा आत घेऊन दिवसा पानांची छिद्रं मिटवून घेण्याची जास्तीची सोयही त्याच्याकडे आहे. अशा झाडाला रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालणं ही माया नव्हे.

आता तपासणी. क्रम मोडू नका. पहिल्या तीन गोष्टींना एक पैसाही लागत नाही आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

घड्याळ आणि आभाळ बघा

कळ्या उमलत नाहीत म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही बघता केव्हा? हे फूल ऊन तापलं की, साधारण नऊ-दहाला उघडतं आणि दुपारी दोन-तीनपर्यंत मिटायला लागतं. एक फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी वेगळी कळी. सकाळी सातला शाळेला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या मास्तरांना आपलं झाड कधी फुललेलं दिसणारच नाही. ढगाळ दिवशी ते अर्धवट उघडतं किंवा उघडतच नाही, त्यातही बिघाड काही नाही. म्हणून एखाद्या निरभ्र सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमारास जाऊन बघा. तेव्हा फुललेलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

सुकलेली कळी आणि मिटलेलं फूल यांत मात्र गल्लत होते. फुलून मिटलेल्याच्या पाकळ्या ओलसर, चोळामोळा झालेल्या असतात. न उमलता गेलेली कळी कोरडी आणि टणक लागते. दुसरा प्रकार असेल तर पुढे चला.

ऊन मोजा, अंदाजाने नको

‘आमच्याकडे ऊन आहे’ हे सगळेच म्हणतात. अंगणात ऊन असतं, कुंडीवर असतंच असं नाही. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन, अशा तीन वेळा जाऊन कुंडीवर सावली पडते का ते बघा. सहा तासांचं थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. चार तासांवर झाड जगतं, पण कळ्या धरत नाही.

आपल्याकडे ही जागा वर्षभर एकसारखी राहत नाही, आणि लोक नेमके इथे फसतात. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेच्या अंगणातही झळाळतं ऊन असतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की रत्नागिरीच्या आसपास भरदुपारीसुद्धा भिंतीची सावली उत्तरेला भिंतीच्या उंचीच्या जवळपास पडते. कौलांच्या कडेपर्यंत बारा फूट धरले, तर भिंतीपासून दहा फुटांपर्यंतची कुंडी दुपारी सावलीतच. मे महिन्यात तिथेच फुललेलं झाड डिसेंबरात रुसलं म्हणून कोणी खत घालतं. खताने सूर्य सरकत नाही, कुंडी सरकवा.

दुसरं कारण मांडव. पाऊस संपला, अंगण चोपून झालं, की झापांचा मांडव पडतो. मांडवावर सुपारी वाळते आणि त्याच मांडवाखाली चिनी गुलाब उन्हाच्या शोधात लांबडा होत जातो. घरच्यांना सावली हवीच, त्यामुळे मांडव काढा असं मी सांगणार नाही. कुंड्या मांडवाबाहेर, गडग्यावर (दगडी कुंपणावर) नेऊन ठेवा. जांभ्याचा गडगा तापतो, त्यावर पाणी साचत नाही आणि खालून वाराही लागतो. या झाडाला घरात याहून चांगली जागा क्वचितच असेल. आगरात माड-पोफळीखाली लावण्याचा हट्ट मात्र सोडून द्या. तिथलं ऊन कवडशांचं, ते याला पुरत नाही.

जागा बदलल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. जुन्या लांबड्या फांद्या आखूड होणार नाहीत, पण नवीन फूट घट्ट येऊ लागली की समजायचं निदान बरोबर होतं.

बोट घाला, मगच पाणी

पानं सुरकुतली की घरातला प्रत्येक माणूस येता-जाता पाणी घालतो. सुरकुतलेली पानं दोन अगदी उलट कारणांनी दिसतात, म्हणून आधी मातीत दोन पेरं बोट घाला.

माती कोरडी आणि पानं सुरकुतलेली: तहान आहे. भरपूर पाणी द्या, तळातून निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पानं भरून येतात.

माती ओली आणि तरीही पानं सुरकुतलेली: मुळं गेली आहेत. पाणी आहे, पण ते ओढून घ्यायला खाली काही उरलेलं नाही. इथे घातलेला प्रत्येक तांब्या उरलेल्या मुळांनाही संपवतो. पाणी ताबडतोब बंद करा आणि खाली जिथे झाड उपटून बघायचं सांगितलं आहे तिथे जा.

किती दिवसांनी पाणी, हे मी कधीच सांगत नाही. एप्रिल-मेच्या खाऱ्या वाऱ्यात उथळ कुंडी एका दिवसात सुकते, जानेवारीत तीच चार-चार दिवस ओली राहते. वरचा दोन बोटांचा थर सुकला की पाणी, एवढंच.

पागोळी, बशी आणि भोक

कौलारू घराभोवती कुंड्या ओळीने मांडायच्या म्हणजे बरोबर पागोळीच्या रेषेत मांडायच्या, हा आमच्याकडचा शिरस्ता. छपराच्या एका उतारावरचं सगळं पाणी त्या रेषेत कोसळतं. अवकाळीची एक सर आली तरी कुंडीतली माती खड्डा पडून उडते, बुडाशी पाणी साठतं आणि मुळं उघडी पडतात. दोन हात पुढे किंवा दोन हात मागे, पण त्या रेषेत नको.

कुंडीखालची बशी काढून टाका. ती फरशीसाठी असते, झाडासाठी नाही. मग कुंडी उचलून भोक बघा. नर्सरीतल्या प्लास्टिकच्या कुंड्यांची भोकं कधी कधी अर्धवटच फुटलेली असतात. आणि कुंडी सपाट लादीवर टेकलेली असेल तर भोक असूनही पाणी निघत नाही. फुटक्या कौलाचे तीन तुकडे खाली सरकवा. कोकणात फुटकं कौल नाही असं घर मला दाखवा.

यानंतर एक तांब्याभर पाणी ओतून बघा. अर्ध्या-एक मिनिटात ते खालून यायला हवं. वरच तळं होऊन राहिलं तर दोष मातीत आहे.

माती

इथे थोडं थांबू, कारण दर पावसात झाड मरतं त्याची मुळं बहुतेक वेळा इथे सापडतात.

आपली तांबडी माती भाताच्या खाचरात, आंब्याच्या खड्ड्यात गुणाची. कुंडीत मात्र तिचे बारीक कण खाली बसतात, सारखं पाणी पडलं की दाबले जातात आणि माती सुकली की वीट होते. मुळांना हवा मिळत नाही. हवा नसलेल्या ओल्या मातीत बुडकूज करणाऱ्या बुरशी माजतात, आणि रसरशीत देठ हा त्यांचा आवडता खुराक.

उलट बाजूला, हल्ली नर्सरीतून येणारी रोपं नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतात. गाडीतून आणायला हलकी म्हणून ती सोय. आपल्याकडच्या दमट हवेत ते कोकोपीट आतून ओलंच राहतं. आणि मे महिन्यात एकदा पूर्ण सुकलं की पाणी आतच घेत नाही, कडेने निसटून जातं. म्हणून रोप आणल्यावर आठवड्याभरात कुंडी बदला. मुळांभोवतीचं निम्मं कोकोपीट हलक्या हाताने झाडून काढलं तरी चालतं.

मिश्रण साधं आहे. एक भाग तांबडी माती, दोन भाग जाड नदीची रेती किंवा जांभ्याचा बारीक चुरा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. चिरे घडवतात तिथे चुरा पडलेला असतो, पण तो चाळून घ्यायचा, पीठ टाकून द्यायचं आणि तुरीच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे. समुद्राची वाळू आणू नका. तिच्यात मीठ असतं, शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलणं कायद्यातही बसत नाही. कुंडी पसरट घ्या, वीतभर खोल पुरे. खोल कुंडीत खालची माती कायम ओली राहते, आणि या झाडाची मुळं तिथपर्यंत जातच नाहीत.

तळाला नारळाची सोडणं घालायची सवय पुष्कळांना आहे. अबोलीला, ऑर्किडला घाला. सोडण पाणी धरून ठेवतं, म्हणून इथे नको.

खत आणि मासळीचं पाणी

पानं छान, फूल नाही, आणि ऊन मात्र पुरेसं आहे, असं असेल तर काय काय घालता ते आठवा. युरिया, ताजं शेण, आठवड्याला जीवामृत. नत्र जास्त झालं की झाड पाला वाढवतं. या जातीला खत कमीच लागतं. वर सांगितलेल्या मिश्रणात लावलं असेल तर दीड-दोन महिन्यांनी मूठभर जुनं शेणखत वर पसरलं की झालं.

मासळी धुतलेलं पाणी मिरचीला, लिंबाला घालणाऱ्या घरांत ते याच्याही वाट्याला येतं. त्यात नत्र असतं, बाजारातली मासळी खारवलेल्या बर्फातली असेल तर मीठही असतं, आणि त्या वासाने मुंग्या कुंडीत वस्तीला येतात. मुंग्यांमागे काय येतं ते पुढे आहेच.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेत मचूळ होतं. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरी खपली धरत असेल तर ते क्षार आहेत. हे झाड थोडं मीठ सोसतं, त्यामुळे लगेच घाबरू नका. गोडं पाणी मिळेल तेव्हा कुंडीतून भरपूर वाहू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

खुडणी

मधोमध टक्कल पडणं हा रोग नाही, वय आहे. फूल नेहमी फांदीच्या टोकाला येतं. टोकं लांब गेली की मध्य ओका दिसणारच. एक तृतीयांश उंची राहील एवढं कापा, कात्री फिरवायला घाबरू नका. कापलेली टोकं फेकायची नाहीत. चार बोटांचे तुकडे करा, खालची पानं काढा, सावलीत दोन-चार तास ठेवून जखम सुकू द्या आणि त्याच कुंडीच्या उघड्या मधल्या भागात खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. डबल पाकळ्यांच्या जातींत बी कमी धरतं आणि धरलंच तर रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते. तेव्हा आवडता रंग टिकवायचा असेल तर फांदीच लावा.

कीड

बेचक्यातले पिठूळ पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांच्या गोड चिकट्यासाठी त्यांना सांभाळतात, इकडून तिकडे नेतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. कुंडी कौलाच्या तुकड्यांसकट पाण्याच्या परातीत, पण बूड पाण्याला लागणार नाही अशी ठेवली तरी पुरतं. पुंजके जुन्या दातांच्या ब्रशने काढा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. संध्याकाळीच, कारण तोवर फुलं मिटलेली असतात, मधमाश्या गेलेल्या असतात आणि ओल्या पानांवर ऊन पडून डाग पडत नाहीत. पाच-सहा दिवसांनी पुन्हा करा, एका फवारणीत अंडी मरत नाहीत.

पावसाळ्यात रातोरात कोवळी टोकं गायब होत असतील तर बॅटरी घेऊन रात्री बघा. गोगलगायी असतात. हातमोजे घालून वेचा. कुंडीत मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल आणि झाडही. दिवसा गायब होत असतील तर कोंबड्या.

शेवटी झाड उपटून बघा

एवढं करूनही झाड बसतच चाललं असेल तर कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढा. पांढरी, कडक मुळं चांगली. तपकिरी, ओढल्यावर साल हातात येणारी मुळं कुजलेली. बुडाचा देठ उभा चिरून बघा. काळपट रेषा वर जिथपर्यंत गेली आहे त्याच्या वर, स्वच्छ हिरव्या-गुलाबी भागात कापा. तो भाग वाचवा, बाकी जाळा किंवा लांब पुरा. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. काळा पडलेला देठ बुरशीनाशक ओतून परत हिरवा होत नाही, तो खर्च करू नका.

एरवी शाबूत मुळांवर बारीक गाठी दिसल्या, तर सूत्रकृमीचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांचा, संशय घ्या. त्याचं खाली सांगते.

पावसाळ्याचं वेगळं

दरवर्षी जूनमध्ये झाड जातं, दरवर्षी वाईट वाटतं, आणि दरवर्षी ऑक्टोबरात नवीन आणलं जातं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढात ऊन दिसतं कुठे? उघड्यावरचं झाड त्यात टिकवण्याचा खटाटोप मला पटत नाही. झाड वाचवायचं नाही, रंग वाचवायचा.

मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, प्रत्येक रंगाच्या सात-आठ फांद्या कापून छोट्या कुंड्यांत, निव्वळ जाड रेतीत थोडं खत मिसळून लावा. पडवीच्या ज्या कडेला सर्वांत जास्त उजेड येतो पण झड येत नाही, तिथे टांगून ठेवा. पश्चिमेची पडवी झडीला उघडी असते, ती नको. पावसासाठी प्लास्टिक किंवा झड्या बांधलेल्या असतील तर त्यांच्या आत अंधार होतो, तिथेही नको. पाणी आठवड्याला चार चमचे, हवेतच इतका दमटपणा असतो की तेही कधी लागत नाही. रोपं केविलवाणी, लांबडी दिसतील, फूल येणार नाही. दिसू द्यात. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की टोकं खुडून नव्या मातीत लावा, दिवाळीनंतर फुलं सुरू.

बी टाकायचं असेल तर तेही तेव्हाच. बी बारीक काळं असतं, त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून वर माती लोटू नका. ओल्या मातीवर पसरून तळहाताने दाबा, पुरे. चिऱ्यांच्या फटींतून आपोआप उगवलेली रोपं बहुतेकदा साध्या पाकळ्यांची निघतात, पण काटक असतात.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

बुडाचा देठ सगळ्याच फांद्यांत काळा झाला असेल, तर थांबा. कापायला हिरवं काही उरलेलं नाही, नवीन रोप आणा.

मुळांवर गाठी असतील, किंवा माती बदलूनही एकाच वाफ्यात लागोपाठ दोन हंगाम झाडं बसत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळ असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात नमुना दाखवा. रोप मुळं आणि सभोवतीच्या मातीसकट पिशवीत न्या. धुऊन नेऊ नका, नाहीतर बघण्यासारखं काही उरत नाही. काय काय घातलं, फवारलं, ते कागदावर लिहून न्या. पानांवर पांढरे, फोडासारखे उंचवटे येऊन ते पसरत असतील तेव्हाही तसंच; घोळीवर पांढरा तांबेरा येतो, तोच आहे का हे डोळ्यांनी नुसतं ठरवता येत नाही.

विहिरीचं पाणी मचूळ वाटत असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तो प्रश्न फुलांचा नाही, घरच्या पिण्याच्या पाण्याचा आहे. आणि गच्चीवर कुंड्यांखाली कायम ओल, खालच्या छताला डाग असं दिसलं, तर कुंड्या हलवून गवंड्याला बोलवा, माळ्याला नाही.

कीटकनाशक दुकानदाराने नुसत्या वर्णनावरून हातात दिलं तर घेऊ नका, कृषी सहायकांना विचारून मगच काय ते ठरवा. आणि एकदा फवारलंत, तर त्या वाफ्यात आपोआप उगवलेली घोळ त्या हंगामात भाजीला खुडू नका.